दार कोणी धरायचं होतं

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे आणि मला अंधाराची भीती वाटते. सॅकच्या पोटात तर कायमचाच अंधार, तिला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. बंद डिकीत दुसऱ्याचा जीव पोटाशी धरून पडायची वेळ तुमच्यावर आलेली नाही.

माझा जन्म पोलंडमधल्या वुच शहरातला. तिथे तेव्हा गल्लोगल्ली कापडाच्या गिरण्या होत्या. माझं कापड हिरवं, जाड, पाण्याला सहज दाद न देणारं. पाठीला ॲल्युमिनियमची चौकट आणि खांद्याला चामड्याचे पट्टे. मला शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका मारला, मला उचलून हिसका दिला आणि शेजारणीला म्हणाली, "ही काही लवकर मरत नाही बघ." आयुष्यात मला मिळालेली ही पहिली शाबासकी. ती खरी ठरली, पण मरत नसलेल्याला भीती वाटत नाही असं थोडंच आहे?

मला लुद्विका नावाच्या बाईने विकत घेतलं. ती दर उन्हाळ्यात मला पाठीवर टाकून बल्गेरियाच्या समुद्रावर जायची. वर पोहायचे कपडे आणि खाली विकायला दडवलेल्या चादरी. त्या काळी पोलंडच्या अर्ध्या बायका अशीच सुट्टी काढायच्या. प्रत्येक सीमेवर एखादा शिपाई माझ्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा. परक्या हाताची धास्ती मी तेव्हापासून घेतली आहे. पुढे दिवस बदलले, लुद्विकाचे गुडघे गेले आणि मी कपाटावर धूळ खात पडले. तिच्या भाचीने, बोग्नाने, मला खाली काढलं. प्रेमाने काढलं असं समजू नका. नवी सॅक घ्यायची ऐपत नव्हती.

बोग्ना किरकोळ अंगाची आणि जिभेने तिखट. तिची मैत्रीण किंगा त्याच इमारतीत, त्याच जिन्यावर वाढलेली. ती दांडगी आणि काळजीखोर. दोघींनी ठरवलं की स्लोव्हाकिया, हंगेरी आणि रोमानिया ओलांडून मावशीचा तो समुद्र बघायचा. तिकीट काढायचं नाही, रस्त्यावर अंगठा दाखवून मिळेल त्या गाडीने जायचं.

बोग्नाला लहानपणापासून साखरेचा आजार होता. इन्सुलिन टोचलं नाही तर ती जगत नाही. रक्त तपासायचं यंत्र आणि साखरेच्या चौकोनी वड्या तिच्या कमरेच्या पिशवीत असायच्या. इन्सुलिन मात्र उन्हाने नासतं. म्हणून ते टोचायची पेनं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात घालून, तो ओल्या टॉवेलात गुंडाळून माझ्या तळाशी ठेवलेला. त्याच्यावर पाव, काकड्यांची बरणी आणि यकृताच्या लगद्याचे डबे.

स्वस्तात फिरण्याची फार वर्णनं करतात लोक. फोटो दाखवतात. मला विचारा. स्लोव्हाकियात आम्ही कबरस्तानाच्या भिंतीला टेकून झोपलो, कारण तिथून कोणी हाकलत नाही. हंगेरीत एका माणसाने गाडीत घेतलं, चारही दारांचे खटके आतून पाडले आणि हसत हसत मुख्य रस्ता सोडला. मी किंगाच्या मांडीवर होते. तिने माझा पट्टा मनगटाभोवती दोनदा गुंडाळला. बोग्नाने खोटीच ओकारी काढली, तेव्हा आपली गादी खराब होऊ नये म्हणून त्या सद्गृहस्थाने आम्हाला उतरवलं. त्या पोरी नंतर हसल्या. मला हसू आलं नाही.

अंगठेवाल्यांचा एक नियम असतो. किंगाच्या मोठ्या भावाने तो दोघींना निघताना बजावून सांगितला होता. सामान डिकीत असेल तर उतरताना पुढे बसलेल्याने दार उघडं धरून उभं राहायचं. मागच्याने सगळं सामान काढलं आणि हाक दिली की मगच दार लावायचं. उघड्या दाराची गाडी कोणी पळवत नाही. तीन देश त्यांनी हा नियम पाळला. दर वेळी बोग्ना दार धरायची, किंगा मला उचलायची आणि म्हणायची, "झालं, लाव."

रोमानियात शिरताना किंगाने तो पत्र्याचा डबा उघडला आणि आतली पेनं मोजली.

"दोनच पेनं? बाकीची कुठायत?"

"संपली," बोग्ना म्हणाली. "आपण रमतगमत आलो ना."

"आणि समुद्र? परत कसं जायचं?"

"पुरवून वापरतेय मी. थोडं कमी टोचते."

"कमी टोचते? अगं ही काय भाजीतली मिरची आहे?"

"आवाज खाली. सगळ्या रस्त्याला कळू दे माझं दुखणं."

"काल रात्री टोचलंस?"

"तू माझी आई आहेस का?"

"नाहीये. असते तर कानाखाली दिली असती."

त्यानंतर दोघी बोलेनाशा झाल्या. तशातच एक जुनी पांढरी गाडी थांबली. गाडीवाला म्हातारा होता, नेकुलाय त्याचं नाव. कानाने अधू, म्हणून रेडिओ ठणाणा लावलेला. डिकीत कलिंगडं भरलेली होती. त्यांच्यात मला कोंबलं आणि किंगाची सॅक माझ्यावर ठेवली. बोग्ना पुढे बसली, किंगा मागे.

एका फाट्यावर पेट्रोल पंप होता. म्हाताऱ्याचं गाव डावीकडे, समुद्र उजवीकडे. गाडी थांबली. पुढे काय झालं ते मी डिकीतून ऐकलं. बोग्ना उतरली आणि दार तिने धरलं नाही. रागाने धाडकन आपटलं आणि पंपाच्या दुकानाकडे चालू लागली. मागे किंगा आपली सॅक काढून जमिनीवर ठेवत होती. मला घ्यायला ती वळली तेवढ्यात डिकीचं झाकण, ज्याची दांडी केव्हाचीच ढिली होती, खाली आलं आणि बसलं. पुढचं दार वाजलं, मागची डिकी वाजली. पोरी उतरल्या, सामान उतरलं, असं म्हातारा समजला. त्याचं काय चुकलं? त्याने गाडी सोडली.

किंगाची हाक मी ऐकली. "आजोबा, थांबा, आजोबा." तिची थाप झाकणावर पडली, एकदा, मग दुसरी निसटती. मग फक्त रेडिओ.

मित्रांनो, भीती काय असते ते मी तेव्हा शिकले. तोवर मी स्वतःसाठी भ्यायले होते. फाटेन, भिजेन, चोरीला जाईन, एवढंच. आता माझ्या पोटात बोग्नाचा श्वास होता आणि मी तिच्यापासून लांब लांब चालले होते. प्रत्येक वळणावर कलिंगडं अंगावर येत होती आणि डबा आत कण्हल्यासारखा वाजत होता. पेन फुटलं तर? वर पत्रा तापत होता. औषध नासलं तर? मला हात नाहीत, तोंड नाही. नुसतं पडून राहणं, यापलीकडे वस्तूला काही येत नाही, याचा मला इतका संताप आला की शिवण उसवेल असं वाटलं.

गाडी एका बाजारात थांबली. झाकण उघडलं, उजेड आला. म्हाताऱ्याने पुढची कलिंगडं उचलली आणि ओळखीच्या कुणाशी पिकापाण्याचं बोलत उभा राहिला. मी कोपऱ्यात पोत्याखाली होते. झाकण पुन्हा बसलं. तो उजेड आला नसता तर बरं झालं असतं.

ऊन कलल्यावर गाडी त्याच्या अंगणात शिरली. या वेळी डिकी त्याच्या बायकोने, वेताने, उघडली. इतक्या देशांत इतक्या लोकांच्या पायाशी पडले आहे की बोलणं मला कुठलंही समजतं.

"कलिंगडं विकायला गेला होतास की बायका फिरवायला? ही कुणाची?"

"अरे देवा. त्या पोरींची. पोलंडच्या. राहिली वाटतं."

"राहिली वाटतं म्हणे. तुझं डोकंपण कुठेतरी राहिलंय."

"उद्या देतो पोलिसात. आता दमलोय मी."

उद्या.  वेताने मला ओसरीवर ओढलं आणि हात आत घातला. पुन्हा परका हात. पाव निघाला, बरणी निघाली. मग ओला टॉवेल, आणि डबा. तिने झाकण काढलं आणि डबा दूर धरला.

"सुया आहेत यात. नेकुलाय, नशेबाज पोरी आहेत या. उचल आणि ओढ्यात फेकून ये. पोलिसांनी बघितलं तर आपल्याला धरतील."

म्हाताऱ्याने मला एका पट्ट्याला धरून उचललं. ओढ्याचं पाणी ओसरीपर्यंत ऐकू येत होतं. लुद्विका आठवली. मला शिवणारी बाई आठवली. मरत नाही म्हणाली होती. मी बुडाले तरी मरणार मी नव्हते, मरणार होती बोग्ना.

पायरीवर म्हातारा थबकला.

"वेता, एक विचित्र बघितलं पण. मी पुढच्या पोरीला पीच दिलं. तर तिने खायच्या आधी बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब काढला आणि एका डबीला पाजला. मग डबीकडे बघून तोंड वाकडं केलं आणि पीच परत दिलं. मला वाटलं त्यांच्याकडची काही रीत असेल."

 वेताने कपाळावर हात मारून घेतला.

"मेल्या, ही कसली रीत? आपल्या पाद्रीबाबांची बायको काय करते दर रविवारी जेवणाआधी? तीच डबी, तेच बोट. साखरेची बाई आहे ती. तिचं औषध तू घेऊन आलायस."

"मग उद्या सकाळी..."

"किल्ली आण."

परत जाताना मी डिकीत नव्हते. वेताच्या मांडीवर होते आणि ती वाटभर म्हाताऱ्याला शिव्या देत होती. त्याहून गोड काही मी ऐकलेलं नाही.

फाट्यावर अजून उजेड होता. बोग्ना पंपाच्या भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे, श्वास खोल आणि भराभर, त्याला सडक्या फळाचा वास. समोर ओकलेलं. पंपवाल्याने दवाखान्याची गाडी बोलावली होती, ती लांबच्या गावातून निघाली होती. किंगाने येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात केला होता, हे तिने नंतर डॉक्टरला सांगितलं तेव्हा मला कळलं. ओकणाऱ्या पोरीला कोण आत घेणार? काच खाली करून बघायचे आणि निघून जायचे. त्यांतल्या काहींच्या टपावर सुट्टीची सायकल बांधलेली होती. त्यांचे चेहरे मी बघितले असते तर आजही विसरले नसते.

किंगाने मला म्हातारीच्या हातून हिसकावलं, डबा काढला. पेनं अखंड होती. आणि गार होती. नेकुलायची कलिंगडं रात्रभर विहिरीत ठेवलेली होती, मला चेंगरणाऱ्या त्याच थंड गोळ्यांनी औषध जपलं होतं. मी त्यांना दिवसभर शिव्या घातल्या होत्या.

"दार मी धरायला हवं होतं," बोग्ना पुटपुटली.

"गप बस. पोट उघड."

सुई टोचली गेली. मग दवाखान्याची गाडी आली आणि दोघींना घेऊन गेली. या वेळी किंगाने आधी मला आत टाकलं, मग स्वतः चढली. डॉक्टरने तिथे बोग्नाला झापलं ते मी खाटेखालून ऐकलं. थोडा आणखी उशीर झाला असता तर त्याला झापायला कोणी उरलं नसतं, असं तो म्हणाला. समुद्र राहिला तो राहिलाच. रेल्वेने घरी आलो.

आता मी त्यांच्या इमारतीच्या तळघरात असते, बटाटे आणि लोणच्याच्या बरण्यांमध्ये. दोघींनी हलक्या नव्या सॅका घेतल्या. माझी त्याबद्दल तक्रार आहे, आणि ती मी लपवणार नाही. मला पुसायला कोणी येत नाही. माझ्या चौकटीवर गंज नाही, पण पट्टे कडक झाले आहेत.

पण मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं माझ्यासाठी नाही. मैत्रिणीशी भांडा, खुशाल भांडा, तोंडात येईल ते बोला. पण भांडणात दार आपटू नका. आधी मागे बघा, आत काय राहिलंय, कोण राहिलंय. आणि औषध कधीही एकाच पोटात ठेवू नका, ते पोट माझ्यासारखं कितीही मजबूत असो.

इथल्या तळघराचा दिवा थोडा वेळ जळतो आणि आपोआप विझतो, आणि जड लोखंडी दार आपोआप बंद होतं. बोग्ना बरणी न्यायला खाली येते तेव्हा किंगा हटकून बरोबर येते. आत येत नाही. दाराला पाठ लावून उभी राहते. दिवा विझला की जिन्यावरून थोडा उजेड आत येतो, माझ्यापर्यंत पोचतो.

"किती वेळ गं," ती करवादते. "सापडली का बरणी?"

बोग्ना बाहेर पडते, बरणी छातीशी धरून. मग किंगा एकदा आत डोकावून बघते, माझ्याकडेसुद्धा, आणि बोग्नाने "झालं, लाव" म्हटल्यावरच दार सोडते.