हरिओमच्या शर्टावरचे डाग

अगं थांब बबिता, चहा राहू दे तिथंच, आधी ऐक. अंगद, तू पण मोबाईल खिशात घाल. नांदेडपासून लातूरपर्यंत एसटीत ही गोष्ट तोंडात धरून बसलेय मी, आता न्हाई दम निघत.

तर आमच्या मेडिसिनच्या वॉर्डात अर्धापूरकडचे एक शेषेराव मामा आले. साठीच्या पुढचे, स्वतःची केळीची बाग. नंतर कळलं की त्यांचा आवाज असला हाय की पलीकडच्या बेडवरचा माणूस दचकून उठावा. पण आले तेव्हा आवाजच न्हाई! दोन्ही बाजूंनी धरून आणलेलं, डोळे फिरून राहिलेत, अंग गार. मी नाडी धरली आणि वाट बघत बसले. टक्. मग काहीच न्हाई. आता येईल, आता येईल... टक्. मिनिटाला चौतीस! माझी तेव्हा एकशेवीस असंल.

रक्त पाठवलं तर पोटॅशियम वाढलेलं आणि किडनी मंदावलेली. पोटॅशियम आपल्या सगळ्यांच्याच रक्तात असतं गं, पण लई वाढलं की हृदयाला धड ठोका टाकू देत न्हाई. आता गंमत बघ. त्यांचं वाढलेलं होतं, पण एवढं न्हाई की नाडी चौतीसवर यावी. मामांना बीपीची एक गोळी चालू होती, अटेनोलॉल, ती ठोके हळू करते. पण ती पण कित्येक वर्षं तेवढीच. म्हंजे दोन्ही आरोपी समोर उभे आणि दोघांपैकी एकट्याची एवढी ताकद न्हाई! माझं डोकं असं खाजायला लागलं ना.

रविकांत सरांना विचारलं. हे आमचे हार्टचे सर. बोलतात कमी, बघतात जास्त. म्हणले, "ब्रॅश नावाचा आजार असतो, वाच." वाचलं आणि मी उडालेच. अलीकडं डॉक्टर लोकांत लई चर्चा हाय त्याची. तू फुगडी खेळलीस ना बबिता? दोघी हात धरून फिरायला लागल्या की एकटीला थांबताच येत न्हाई, दुसरी ओढते. तसंच. ठोके हळू झाले की किडनीला रक्त कमी. किडनी सुस्तावली की पोटॅशियमही आत साचतं आणि ती गोळीही बाहेर पडत न्हाई. मग दोघं मिळून ठोके अजून हळू करतात. आणि परत तेच.

"मग फुगडी सोडवायची कशी?" अंगद म्हणला.

हात सोडवायचे की! गोळी बंद, कॅल्शियमचं इंजेक्शन, इन्सुलिन आणि ग्लुकोज, सलाईन, ठोके वाढवायचं औषध. दिवस मावळायच्या आत नाडी सत्तर. मामा उठून बसले आणि ओरडले, "ओ डॉक्टरबाई! हितं जेवायला देतेत का नुसत्या सुयाच टोचतेत?"

मी तर हवेत होते. पण दोन दिवसांनी सकाळी बघते तर मामा परत गार. नाडी परत छत्तीस. पोटॅशियम परत वर.

परत सगळं केलं, परत आले वर. पण आता रविकांत सर म्हणले, "गोळी बंद करूनही पडतायत म्हणजे हृदयाची वायरिंगच खराब असणार. उद्या पेसमेकर बसवू."

मामांनी ऐकलं आणि उशीवरून डोकं उचललं. मला म्हणले, "छातीत यंत्र बसलं की संपलं बघा बाई. हा हरिओम मला बागंत पाय ठेवू देणार न्हाई. मोटरीच्या स्टार्टरला हात लावू देणार न्हाई. मी काय घरात बसून टीव्ही बघू व्हय?"

हरिओम म्हंजे त्यांचा पोरगा. तो म्हणला, "बाबा, आधी जगा तर."

"बागंत न जाता?" मामा म्हणले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

मला काही चैन पडंना. अरे, लघवी छान होऊन राहिली, किडनीचा रिपोर्ट सुधारून राहिला. मग पोटॅशियम चढतंय कामून? बाहेरून कुठून तरी येऊन राहिलं ना! सरांना बोलले. सर म्हणले, "मग शोध. उद्यापर्यंत."

आता तुम्ही म्हणाल, केळीवाले हायेत, केळी खात असतील. मला पण तेच वाटलं, कारण केळ्यात पोटॅशियम भरपूर. आणि तिथं तर नुसता केळ्यांचा पूर! अर्धापूरहून भेटायला येणारा प्रत्येक जण काय आणतो? केळी! स्वतःच्या बागेतली. साखराबाई मावशी, म्हंजे मामांच्या बायको, त्या फण्या तोडून सगळ्या वॉर्डाला वाटायच्या. मी कमरेवर हात ठेवून विचारलं, "मामा, खरं सांगा, किती खाल्ली?"

मामा असे हसले की सलाईनची नळी हलली. "अवो बाई, केळीवाला कधी केळ खातो का? मला तर वास बी नको. ह्या जन्मात पुरे झाली केळी."

"आईशप्पथ, एक बी न्हाई खाल्लं," साखरा मावशी म्हणल्या. "तुम्ही नको म्हणलात तवापासून तर मी त्यांच्या बेडवर सुदिक ठेवत न्हाई."

दुसरी काही औषधं? काढा? चूर्ण? न्हाई, न्हाई, न्हाई. डबा? तो आमच्या दवाखान्यातलाच. झालं. माझी हवाच गेली.

आणि तेवढ्यात हरिओम पुढं वाकला, उशी सरकवायला, आणि मला त्याच्या शर्टावर डाग दिसले. तपकिरी, काळपट, पोटावर आणि बाहीवर. मी देवणीची, मला शेणाचे डाग कळतात, हे कसले ते कळंना. सहज म्हणलं, "भाऊ, हे काय सांडलं?"

"केळीचा चीक हाय मॅडम. मरेस्तोवर निघत न्हाई."

"घड कापून आलात का?"

"छ्या! तीन दिस झाले बागेचं काम बंदच हाय, हितंच तर हाय मी."

"पण काल तर तुमचा निळा शर्ट होता आणि त्याच्यावर पण डाग होते!"

हरिओम आईकडं बघायला लागला. साखरा मावशी पदर सावरत एकदम साधेपणानं म्हणल्या, "मग खोडाचा रस काढायला नको का? पहाटं जाऊन ताजं खोड तोडतो, कुटून पिळतो, आणि पहिल्या गाडीनं घेऊन येतो बिचारा. मुतखड्यावर लई गुणाचा. ह्यांना उन्हाळ्यापासून चालूच हाय."

मी म्हणलं, "मावशी! मी औषधांचं विचारलं ना?"

"ते कुठं औषध हाय? घरचंच तर हाय."

"किती देता?"

"आधी एक पेला द्यायचो. पण तुम्हीच म्हणलात की, किडनी थकली. म्हणून आता दोन देतो."

अरे देवा! म्हंजे आम्ही किडनीचं नाव घेतलं आणि त्यांनी किडनीचा इलाज दुप्पट केला! बरोबरच हाय की त्यांचं, त्यांच्या हिशोबानं. मामांनी केळाला हात लावला न्हाई, केळीचं अख्खं झाडच पिऊन राहिले होते!

हरिओम रस आणायचा त्या स्टीलच्या डब्यात तळाला थोडा रस होता. मी तो उचलला आणि पळाले लॅबमध्ये. तिथला मल्लिनाथ डब्याचा वास घेऊन म्हणला, "हे कुठल्या पेशंटचं काय हाय?"

"झाडाचं. पोटॅशियम बघ."

"उज्वला, तू झोपली न्हाईस का?"

"बघ ना रे!"

त्यानं गाळलं, मशीनला दिलं. मशीननं आकडाच दिला न्हाई. माझ्या मापाच्या वर हाय म्हणून लाल दिवा लावून बसलं. मल्लिनाथनं पाणी घालून पातळ केलं, तेव्हा कुठं आकडा आला. तो आकडा बघून मल्लिनाथच खुर्चीवर बसला.

डबा घेऊन मी सरांपुढं. सरांनी डब्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणले, "अटेनोलॉल किडनीतूनच बाहेर जाते. थोडी अजून अंगात असेल, आणि त्यावर रोज हे." मग डबा खाली ठेवून, "दोन दिवस यंत्र पुढं ढकलतो. मॉनिटर काढायचा नाही. रस बंद करूनही पडले तर मग तुझं काही ऐकणार नाही."

बबिता, ते दोन दिवस! मॉनिटर होता, आकडा समोर दिसत होता, तरी मी येता-जाता मामांचं मनगट धरायची. शेवटी ते म्हणले, "बाई, हात तरी माझाच ऱ्हाऊ द्या." साखरा मावशी माझ्याशी बोलेचनात. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर विष घातल्याचा आळ घेतला. मी त्यांच्याशेजारी बसून सांगितलं, धडधाकट माणसाला कदाचित काही झालं नसतं मावशी, पण मामांची गोळी आणि तुमचा रस एकमेकांचे हात धरून फिरत होते. त्यांनी रसाचा पेला पिशवीत घातला. मग म्हणल्या, "मग खडा कसा पडायचा?"

"त्याचे वेगळे डॉक्टर हायेत. मी स्वतः घेऊन जाते."

पहिल्या सकाळी नाडी अडुसष्ट. दुसऱ्या सकाळी बहात्तर, आणि पोटॅशियम एकदम शहाण्यासारखं. रविकांत सरांनी ईसीजीची पट्टी नीट बघितली आणि मामांना म्हणले, "यंत्र नको. ती गोळी आता आयुष्यात नको, बीपीला दुसरी देतो. पुढच्या आठवड्यात परत दाखवायचं. आणि रस..."

"रसाचं नाव काढायचं न्हाई," मामाच ओरडले. "आणि स्टार्टर?"

"खुशाल चालू करा."

मामांनी हरिओमकडं असं बघितलं ना, जणू निवडणूकच जिंकली! हरिओम हसत होता. त्या दिवशी त्याचा शर्ट कोरा होता.

मी डिस्चार्जचे कागद लिहायला वळले आणि मागून साखरा मावशींचा आवाज आला, "घे बाबा, तोंड गोड कर, आमचे मालक बरे झाले." बघते तर मावशी शेजारच्या बेडवर केळ्यांची फणी ठेवून राहिल्या! त्या बेडवर कालच आलेले दगडोबा आजोबा, दोन्ही किडन्या गेलेल्या, डायलिसिसवर! आजोबांनी एक सोलून तोंडापाशी नेलेलं!

"आजोबा, थांबा!" मी कागद टाकले आणि पळाले. केळ त्यांच्या हातातून ओढलं, फणी उचलली, पुढच्या बेडवरची अजून एक उचलली. दोन्ही हातांत केळी घेऊन वॉर्डाच्या मधोमध धापा टाकत उभी. सगळे माझ्याकडं बघतायत.

शेषेराव मामांनी उठून येऊन माझं मनगट धरलं, डोळे बारीक केले, माझ्यासारखंच घड्याळाकडं बघितलं आणि म्हणले, "नाडी लई पळून राहिली. डॉक्टरबाई, तुम्ही बी जरा दाखवून घ्या."