टेकडीवर न गेलेला हवामापक

मी एक जुना हवामापक आहे. मोंटानातल्या एका मूळ अमेरिकन जमातीच्या खोऱ्यात, शाळेच्या छपरावर माझा मुक्काम आहे. हवा ओढायची, गाळायची आणि पांढऱ्या कागदी फितीवर ठिपका उमटवायचा, हे माझे काम. हवा जितकी मळकी, तितका ठिपका काळा. मित्रांनो, मला खोटे बोलता येत नाही आणि याचा मला अभिमान आहे.

हिवाळ्यात आमच्याकडे वारा पडतो. घरोघरी ओले लाकूड धुमसते आणि धूर खोऱ्यातच कोंडतो. राज्याची स्वच्छ हवेची योजना आमच्या जमिनीला लागू नव्हती. म्हणून जमातीने स्वतःची योजना लिहून वॉशिंग्टनला, केंद्र सरकारकडे धाडली. मंजुरी मिळाली, तर आमच्या हवेचे नियम आम्हीच करणार होतो. पण माझे ठिपके काळेकुट्ट! ही हवा सुधारणार कशी, अशी तिकडून विचारणा झाली.

माझ्याच खालच्या भोजनगृहात सभा भरली. जमातीचे प्रमुख लेरॉय यांनी तोडगा काढला की, मला उचलून टेकडीवर पाण्याच्या टाकीपाशी बसवावे. तीही आपलीच जमीन, धूर तिथवर चढत नाही, ठिपक्यांवरून निघणारे आकडे आपोआप सुधारतील. बऱ्याच माना डोलल्या. मी धास्तावलो.

तेव्हा शाळेत स्वयंपाक करणारी डेल्फीन मावशी उठली. तिची नात टेस दम्याची. मधल्या सुट्टीत सगळी मुले बाहेर खेळत, ती खिडकीशी बसून औषधाचा फवारा ओढायची.

"लेरॉय, टेकडीवर राहतं कोण रे? दोन कावळे अन् एक टाकी. त्यांना काही दमा नाही. माझी टेस श्वास घेते, तिथंच हा डबा राहील."

डबा म्हटल्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

हशा पिकला. लेरॉय खाली बघत म्हणाले, "राहू दे, मावशी. त्या धुरात माझ्याही घरचा धूर आहेच."

योजना नव्याने लिहिली गेली. लाकूड वाळवूनच जाळायचे, म्हाताऱ्यांना नव्या शेगड्या आधी द्यायच्या, वारा पडला की लाकूड जाळायला बंदी असल्याचे रेडिओवरून सांगायचे. प्रार्थनेसाठी वाफेत बसून घाम काढायच्या पवित्र झोपडीचे दगड तापवणारा विस्तव मात्र कोणी विझवायचा नाही, हे कलम आमचे आम्हीच घातले. मंजुरीला वर्षे लागली, डबा टेकडीवर नेला असता तर लवकर झाले असते, असे टोमणे लेरॉयना खावे लागले. पण मंजुरी आली ती माझ्या खऱ्या आकड्यांवर! त्या हिवाळ्यात टेस बर्फात पोरांच्या मागे धावताना मी पाहिली.

आता माझा पंप धापा टाकतो. नवे यंत्र येणार आहे, याच छपरावर. मित्रांनो, तुमच्या गावात माझा कोणी भाऊबंद असेल, तर तो कुठे बसवला आहे ते जाऊन पाहा. मुले खेळतात तिथे तो नसेल, तर मोठ्यांना विचारा, का नाही?