सत्तरवरचा काटा

“मास्तर, बंदूक हलवलीत का?” नानांनी विचारलं.

“उजवीकडून इंजिनाचा आवाज येतोय. मग काय टाळ्या वाजवत बसू?”

मास्तर महिन्यापूर्वीपर्यंत शाळेत भूमिती शिकवत होते. बोट नानांची, सहलीची. नौदलानं ती गस्तीसाठी घेतली, पांढऱ्यावर राखाडी रंग फासला, इंजिनाच्या खोडी ठाऊक म्हणून नानांनाही ठेवून घेतलं आणि होकायंत्रापासून हातभर अंतरावर फिरती मशीनगन बसवली. पोलादाचं एवढं धूड शेजारी असलं की काटा बहकतो, म्हणून बंदूक समोर रोखून तो जुळवून घेतला होता. ती वळवली तर काय, हे कुणी विचारलंच नव्हतं. नानांनीसुद्धा.

धुक्यात बोटीचं टोकही दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंना आपल्याच लोकांनी पेरलेले पाणसुरुंग, मधून चिंचोळी वाट. होकायंत्राचा काटा सत्तर अंशांवर ठेवायचा, बस्स. मघाशी तो पन्नासवर गेला आणि तीस वर्षांच्या सवयीनं नानांनी चाक फिरवून त्याला सत्तरवर आणलं. तेव्हापासून डाव्या कुशीला लागणाऱ्या लाटा तिरक्या मागून ढकलू लागल्या होत्या.

नानांनी इंजिन बंद केलं.

“बंदूक समोर करा.”

“आणि शत्रूचे लोक आले तर?”

“आले तर बघू. आधी करा हो!”

मास्तरांनी आवाजाकडे पाठ करून बंदूक फिरवली. काटा थरथरत नव्वदवर जाऊन थांबला. वाट सुटली होती. किती, कुणास ठाऊक.

आवाज जवळ आला. तीन ठोके आणि एक गचका. हे इंजिन त्यांनी स्वतः दहा वेळा उघडलं होतं. धाकट्या भावाची बोट! तिच्यावरही बंदूक त्याच जागी होती, आणि ती आता नक्की इकडे वळलेली असणार.

धुक्यात भोंगा वाजवायला सक्त मनाई होती. नानांनी तो दाबून धरला.

पलीकडचं इंजिन थांबलं.

“दादा?”

“हलू नकोस! बंदुकीनं काटा फिरवलाय. माझाही. नांगर सोड, हातानं, एकेक कडी; खाली सुरुंग असेल. धुकं विरेपर्यंत जागचं हलायचं नाही.”

दोन्हीकडून साखळ्या हळूहळू पाण्यात उतरल्या. मास्तर डोळे मिटून कड्या मोजत होते.

“दादा, आता?”

“बोलत राहा. जवळ सरकलास तर कळेल मला.”

“काय बोलू?”

“काहीही.”

“वहिनीला सांग, माझ्या—”

“ते नको. दुसरं काहीतरी.”

धाकट्यानं घसा खाकरला आणि इंजिनाचं तेल शेवटचं कधी बदललं, कोणता नट घासलाय, ते पाढे म्हणावेत तसं सांगू लागला. आयुष्यभर नानांनी त्याला मधेच तोडून चुका काढल्या होत्या. आताही दोन चुका झाल्या. नाना कठड्याला घट्ट धरून ऐकत राहिले.