कधीच बंद न केलेली मशीन

वामनरावांनी बायकोच्या हातचा चहा सोडला, हे फैजला अब्बांनी सांगितलं.

फैजच्या घरात सारे हिंदीच बोलत. पण वामनरावांचा विषय निघाला की अब्बा, म्हणजे मोहिउद्दीन, आपोआप वऱ्हाडीवर येत. सारी उमर त्या माणसाशी दोस्ती केली ती याच बोलीत. पांढरकवड्याच्या बसस्टँडमागं अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. जळक्या मोटरीतली तार उपटता उपटता ते म्हणाले, "दवाखान्यातून घरी आनलं तवापासून बोलतच नाही तिच्यासंगं. पोरीनं चहा देला तं पेते. विमलताईनं देला तं तसाच थंडा होते. तिनं मशीन पुसली म्हने वल्ल्या फडक्यानं. म्हून बंद पडली म्हने."

फैज मागच्या खोलीच्या दारात उभा होता.

"पडते काय रे तशी बंद? वल्ल्या फडक्यानं?"

"पाहा लागन, अब्बा."

पाहायचं काहीच राहिलं नव्हतं. कारण सापडून आठवडा झाला होता.

झटका मशीन या जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत असते. शेताभोवती तार, आणि मशीन त्या तारेत दर सेकंदाला एक क्षणभराचा चटका सोडते. रानडुक्कर नाक लावतं, किंचाळतं, पळतं. मरत नाही. कोणी म्हणेल त्यात काय मोठं, दुकानात मिळतात. मिळतात, आणि पहिल्या पावसाळ्यात भंगारात जातात. म्हणून फैजनं स्वतःची बनवली. वर सोलरची पाटी, खाली बॅटरी, मधल्या पेटीत नखाएवढी चिप. त्या चिपमध्ये ना विंडोज, ना अँड्रॉइड. वीज मिळाली की ती सरळ फैजनं लिहिलेली पहिली ओळ उचलते आणि त्याच्याच ओळींवरून चालत राहते. मधे दुसरं कोणी नाही. भलं झालं तरी फैजचं, वाटोळं झालं तरी फैजचं.

हे सारं त्यानं रस्ट नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलं होतं. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सुटलं, भाषा तो एकटा शिकला, मोबाइलच्या नेटवर, वार्निशच्या वासात. तिचा कंपायलर, लिहिलेलं तपासून त्याचा प्रोग्रॅम बनवणारा, म्हणजे खाष्ट माणूस. जरा संशय आला की प्रोग्रॅम बनवूच देत नाही. फैजला त्याचीच ऐट होती. "ही भाषा मानसाले चुकूच देत नाही," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकाला काय कळतंय. पण सांगता सांगता ते त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं, आणि इथंच तो मेला.

मशीन बनली तेव्हा तिला शेत द्यायला कोणी तयार नव्हतं. वामनरावांनी दिलं. केळापूरच्या पलीकडं नाल्याकाठी त्यांची तूर आणि हरभरा, आणि नाल्यात डुकरांचे कळपच्या कळप. चार लोकांत ते म्हणाले, "हा माह्या मोहिद्दीनचा पोरगा हाय. याची मशीन माह्या वावरात लागन." त्या एका वाक्यावर पुढं गावोगाव मशीनी लागल्या.

वामनराव कानानं जड. चटका सुटताना मशीन टक्‌ टक्‌ वाजते, ते त्यांना ऐकू यायचं नाही. म्हणून फैजनं खास त्यांच्यासाठी पेटीवर मोठा हिरवा दिवा बसवला. "काका, दिवा दिसला की समजा मशीन चालू." आणि दुसरी गोष्ट सांगितली: "बंद करू नोका. डुकरं आता दिवसाही येतात. रातंदिवस चालूच राहू द्या."

हे सांगायचं कारण होतं. बाकी सारे शेतकरी सकाळी मशीन बंद करत. कापूस वेचायला बाया येणार, कोणाची गाय तारेला लागणार. उजाडलं की बटन खाली, दिवस बुडाला की वर. फैज प्रत्येकाला सांगायचा, बंद करू नका. ऐकलं एकट्या वामनरावांनी. दोस्ताच्या पोरानं सांगितलं म्हणून दसऱ्याला लावलेल्या बटनाला त्यांनी पुन्हा हातही लावला नाही.

तूर शेंगांनी वाकली तेव्हाची गोष्ट. विमलताईंनी संध्याकाळी पेटीवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. सकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "अवं, मशीन टकटक नाही करून राह्यली."

"दिवा लागून हाय नं?"

"दिवा तं हाय."

"मंग झालं!"

दिवा पाहून वामनराव हातात काठी न घेता तुरीत शिरले. आत डुकरीण होती, पिलांसोबत. तिनं मांडी फाडली. नस तुटली ती तुटलीच. आता ते पाऊल उचलत नाही, माणूस खाटेवर. आणि खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी हिशोब लावला: हिनं पुसली, हिलाच पहिले कळलं की वाजत नाही, म्हणजे हिनंच काहीतरी केलं. नातेवाइकांनी माना डोलावल्या. आपल्याकडं बाईला दोषी ठरवायला पुरावा थोडाच लागतो. विमलताईंनाही तेच वाटलं. नाही कसं वाटणार, साऱ्या घराला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी फैजनं पेटी काढून दुकानात आणली. उघडली. आत पाण्याचा थेंब नव्हता. कोरडी ठणठणीत.

मग त्यानं आपला प्रोग्रॅम वाचला, पहिल्या ओळीपासून, दुश्मनाचा वाचावा तसा.

बटन वर केलं की चिप एक आकडा मोजायला लागते, सेकंदाचा हजारावा भाग एक एक करून. त्या आकड्याला फैजनं दिलेली जागा दीड-पावणेदोन महिन्यांत भरते. भरल्यावर पुढचा एक मिळवायला गेलं की रस्ट म्हणते, चुकीचा आकडा घेऊन चालण्यापेक्षा मी थांबते. ही तपासणी फैजनं मुद्दाम चालू ठेवली होती, सुरक्षित म्हणून. थांबल्यावर काय करायचं, ते मात्र लिहिणाऱ्यानं सांगायचं असतं. फैजनं पहिल्याच दिवशी तिथं एक रिकामं चक्कर लिहून ठेवलं होतं, इथंच फिरत राहा. नंतर नीट लिहू म्हणाला. चिपमध्ये वॉचडॉग नावाचा पहारेकरी असतो. प्रोग्रॅम अडकला की तो चिपला हलवून परत सुरू करतो. टेबलावर काम करताना तो सारखा मधे यायचा म्हणून फैजनं बंद केला होता. तोही नंतर चालू करू म्हणाला. आणि हिरवा दिवा? तो पहिल्या ओळीतच लागायचा आणि लागलेलाच राहायचा. मशीन मेली तरी दिवा जिवंत.

बाकीच्यांच्या मशीनी रोज सकाळी बंद होत, आकडा रोज शून्यावर येई. त्यांच्या न ऐकण्यानं फैजची चूक झाकली. ज्यानं ऐकलं त्याचा पाय गेला.

त्यानं मोठ्या भावाला सांगितलं. मशीनी विकायचं काम शाहिद पाहायचा. शाहिदनं पहिले दुकानाचं दार लावलं.

"और किसको मालूम है?"

"किसी को नहीं."

"तो फिर मालूम नहीं है."

"भाई, उधर काकू पे..."

"अबे, तू सुन. कल सारा गाँव बोलेगा, मुसलमान की मशीन ने वामनराव का पैर लिया. दुकान पे पत्थर आएँगे. अब्बा को ये उमर में दिखाएगा ये? मशीन सुधार, चुपचाप. बात खतम."

शाहिद बोलला ते खोटं नव्हतं. या दिवसांत तसं बोलणारे गावोगाव बसलेत, काडी टाकायला जागाच शोधत असतात. पण फैज गप्प बसला तो त्या भीतीनं नाही. भीती होतीच, ती त्यानं पांघरूण म्हणून वापरली. खाली साधी गोष्ट होती: त्याला चुकलेला माणूस व्हायचं नव्हतं. तालुक्यात त्याचं नाव निघायला लागलं होतं, आणि ते नाव त्याला फार गोड लागत होतं.

सुधारायला एक दुपार लागली. आकड्याला मोठी जागा दिली. वॉचडॉग चालू केला. दिवा चटक्याला बांधला. चटका सुटला तरच लुकलुकणार, नाही तर विझणार. कंपायलर एका शब्दानं कुरकुरला नाही. पण तो आधीही कुरकुरला नव्हता.

मग फैज लॅपटॉप पाठीला मारून गावोगाव फिरला. "नवीन व्हर्जन आलं, फुकट टाकून देतो." फुलसावंगीला पूनमसिंग नावाच्या गिऱ्हाइकानं जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. "विकल्यावर फोन उचलत नाही लोकं, तू घरी येऊन राह्यला," म्हणाला. फैजनं ताटातलं सारं संपवलं.

वामनरावांच्या शेजारचं वावर उकंडाचं. तो म्हणाला, "माही तं चांगली चालून राह्यली बे, कायले छेडतं तिले?"

"चांगली राहावी म्हून."

"मी तं पहाटंच बंद करतो. तू सांगलतं चालू ठेव म्हून. म्या म्हटलं, या पोट्ट्यानं रातच्याले डुक्कर पाह्यलं तरी हाय काय!" उकंडा खो खो हसला. फैजही हसला. हसणं भाग होतं.

वामनरावांचं घर त्यानं शेवटी ठेवलं होतं.

ते अंगणात खाटेवर होते, पाय उशीवर. फैजला पाहून त्यांचा चेहरा खुलला. "ये बेटा, बस. तू कायले लपून राह्यला? मी साऱ्याइले सांगतो, पोराच्या मशीनीत खोट नाही. घरातलाच हात लागला."

हे ते मोठ्यानं बोलले, जड कानाची माणसं बोलतात तसं. मागं तुळशीजवळ विमलताई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, मान वर झाली नाही. पोरीनं, अर्पितानं, एकदा आईकडं पाहिलं आणि ती आत गेली.

फैजच्या तोंडात वाक्य तयार होतं. काका, काकूची चूक नाही, माही हाय. बस, एवढंच. त्याचे शब्द त्यानं मोटरसायकलवर मोजूनमापून जुळवले होते. पण मोठ्यानं बोलावं लागलं असतं, ओरडूनच, नाही तर वामनरावांना ऐकू आलं नसतं. शेजारची माणसं कुंपणावरून पाहत होती.

"वावरात मशीन परत बसवून येतो, काका," तो त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला.

"जाय. हिले घेऊन जाय, फाटकाची चाबी हिच्यापाशी हाय."

नवऱ्याच्या तोंडून आपलं नाव निघालं नाही, नुसतं हिले निघालं, तरी विमलताई लगबगीनं उठल्या.

वावरात पेटी खांबावर चढवून फैजनं लॅपटॉप जोडला. ऊन पडद्यावर येत होतं, काही दिसत नव्हतं. विमलताईंनी न सांगता पदर दोन्ही हातांनी ताणून धरला, पडद्यावर सावली केली. जवळून त्यांचे हात दिसले. हडकलेले. एका हिवाळ्यातच त्या एवढ्या वाळल्या होत्या.

"हे काय टाकून राह्यला, बापू?"

"नवीन प्रोग्रॅम, काकू. आता दिवा लपलप करन. बंद पडली तं विझन."

"पहिले काहून नाही टाकला?"

नुसता विचारलेला प्रश्न होता, त्यात काही टोचणी नव्हती. फैजनं वायर पुन्हा घट्ट दाबली. प्रोग्रॅम चढत होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. इथं ओरडायचीही गरज नव्हती, हळू सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

विमलताई म्हणाल्या, "एक इचारू काय?"

"इचारा नं."

"आता माह्या हातून नाही नं बिघडनार ते? म्या तं एका फडक्यानंच पुसलं होतं, राजा. देवाशप्पथ, एका फडक्यानं. जोरानंही नाही पुसलं."

ज्याला सत्य सांगायचं असतं त्याला याहून सोपी वाट कोणी करून देत नाही. बाईनं दार उघडून, झाडून, पाट मांडून ठेवला होता.

"नाही, काकू," फैज म्हणाला. "आता नाही बिघडनार."

म्हणजे आधी तुमच्याच हातून बिघडली. दुसरा काही अर्थ होत नव्हता, आणि विमलताईंनी तो बरोबर तसाच घेतला. त्यांनी मान हलवली. एवढे दिवस मनात कुठं चिमूटभर शंका उरली असेल, की नसेलही माह्यानं झालं, तर ती फैजनं आपल्या हातानं पुसून काढली. आणि वर त्या म्हणाल्या, "बरं झालं बापू, तू समजदार हायेस. दुसरा असता तं चार गोष्टी आयकवल्या असत्या मले."

फैजनं वायर काढली, झाकण लावलं. "दाबा बटन, काकू."

त्या दोन पावलं मागं सरकल्या. हात पाठीमागं बांधले, शाळेत मार खाल्लेल्या पोरीसारखे.

"नाही बाप्पा. मी नाही लावत हात."

"काही होत नाही, दाबा."

"नोको म्हनलं नं. मी आता उकंडालेच बलावत जाईन. तो करन चालू."

फैजनंच दाबलं. दिवा लुकलुकला, टक्‌ टक्‌ सुरू झालं. सारं जसं लिहिलं होतं तसंच चाललं होतं, एक ओळ चुकत नव्हती.

विमलताई पेटीला वळसा घालून, पदर आवळून, बांधाकडं निघाल्या. जाता जाता थांबल्या. "अब्बाले सांगजो, येत जाय म्हना. याइच्यासंगं बोलाले कोनी नाही दिवसभर."

"सांगतो."

तो गाडीवर बसला. वामनरावांच्या घरावरून जायचा रस्ता सरळ होता. त्यानं गाडी नाल्याच्या वाटेला घातली.