कैलासचं डोकं ठिकाणावर होतं

"बाबा, तो मॅड होता की नव्हता, यावर हिस्टोरियन्सचंच एकमत नाही," विशाखा म्हणाली आणि दत्ताराम वैतागला. शुक्रवारची सुट्टी, ताटात सुरमई, आणि बारावीतली पोरगी निबंधासाठी कुठल्या जमान्यातला अमेरिकन माणूस घेऊन बसलेली! गुलामांना सोडवायला त्या जॉन ब्राऊनने हत्यार उचललं होतं, माणसं मारली होती आणि शेवटी तो फासावर गेला होता.

दत्तारामच्या डोक्याला वेगळाच घोर होता. आखातातल्या मआमीरच्या ज्या वर्कशॉपमध्ये तो फोरमन होता, तिथेच त्याने गुहागरकडच्या आपल्या गावातल्या कैलासला वेल्डर म्हणून लावलं होतं. आठवड्यापूर्वी कैलासने कामगारांच्या वस्तीवरचा मुकादम, कॅम्प बॉस अझहरचा हात पाइपाने मोडला, कपाट फोडलं आणि त्यात अडकवून ठेवलेले सगळ्यांचे पासपोर्ट वाटून टाकले. आता तो कोठडीत होता. त्याचं डोकं फिरलं होतं असं कुणी ओळखीच्याने सांगितलं, तर तुरुंगाऐवजी त्याला घरी पाठवतील, असं वकिलाचं म्हणणं होतं.

"त्याचा मामा एकटाच बडबडायचा. ते सांगतो झालं," दत्ताराम म्हणाला.

विशाखाने पेन खाली ठेवलं. ब्राऊनच्या माणसांनीही हेच केलं होतं, ती म्हणाली. फाशी टळावी म्हणून त्याच्या आईच्या घराण्यात वेड आहे, असं त्यांनी शपथेवर लिहून दिलं. त्याने स्वतः वेडाची सबब झिडकारली होती. तरी पुढे कित्येक इतिहासकारांनी त्याच जबान्या पुरावा धरून त्याला वेडा ठरवलं. नंतरच्यांनी विचारलं, की ज्यांना गुलामी फारशी खुपतच नव्हती, त्यांना त्याचा संताप वेड वाटणारच ना?

"मग मी काय करू? जाऊ दे त्याला आत?"

"आय डोन्ट नो, बाबा."

एवढी पुस्तकं वाचून हेच, असं पुटपुटत तो हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी कोठडीत कैलास भेटला तो दाढी वाढलेला, पण शांत. दत्तारामने त्याला समजावलं, मग झापलं. म्हातारी आई आहे, फक्त मान हलव, बाकी मी बघतो.

"दादा, नको," कैलास म्हणाला. "मारलंय ते मी कबूल करतो. पण मी येडा ठरलो, तर त्यानं पासपोर्ट ठेवले ते बरोबरच होतं, असा व्हईल. तुमी तसा सांगू नकात."

दत्तारामने तरी कोर्टात सांगितलंच. मामा घातला, वर झोपेत ओरडण्याची भर स्वतःच्या पदरची घातली. वेडा ठरून कैलासची गावी रवानगी झाली.

मे महिन्यात रजेवर आल्यावर दत्ताराम त्याच्याकडे गेला. कैलासने ओटीवर खुर्ची दिली, वर्कशॉपमधल्या एकेकाची नीट नावानिशी चौकशी केली. वेल्डिंगचं काम मिळतं का, या प्रश्नावर तो नुसता हसला. मग झाडावरून शहाळं उतरवून आणलं आणि आईकडे कोयता मागितला. म्हातारीने दत्तारामकडे पाहिलं, आणि कैलास परतल्यापासून शेजारी ठेवलेला कोयता आणायला गेली.

शेजारी स्वतःच कोयता घेऊन आला. त्याने शहाळं सोलून दत्तारामच्या हातात दिलं, कोयता काखेत धरला आणि परत निघून गेला.

"प्या, दादा," कैलास म्हणाला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो समोर बसून राहिला.