विष्णुपंतांनी लढवलेलं महायुद्ध

त्रेचाळीस साली, महायुद्ध ऐन भरात असताना, राहात्यात आबासाहेबांनी बॅटरीवरचा रेडिओ आणला आणि विष्णुपंतांचं भाग्य उजळलं. ते मराठी शाळेत मास्तर. मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झालेले. पण आबासाहेबांच्या ओट्यावर जमणाऱ्यांत त्या परीक्षेला बसलेला माणूसच दुसरा नव्हता. मराठी बातम्यांच्या वेळी रेडिओत नेमकी खरखर सुरू व्हायची, इंग्रजी मात्र खणखणीत. तेव्हा पंतांना ओट्यावर खुर्ची मिळाली आणि युद्ध समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे आलं.

पंतांना त्यातलं किती कळायचं, ते त्यांनाच ठाऊक. गावांची नावं कानी पडत, अधूनमधून 'टँक' आणि 'बाँब' ओळखू येत. उरलेलं युद्ध ते स्वतःच लढवत. खाली बसलेल्या मंडळींपैकी कुणी जांभई दिली की जर्मनांना एखादा पूल उडवावा लागे. सुरुवातीला त्यांना लाज वाटली. मग माणसं वाटेत थांबून रामराम करू लागली, न्हावी आधी त्यांची दाढी करू लागला, आणि लाज हळूहळू कमी झाली. इतकं इंग्रजी येत होतं तर मॅट्रिकला काय झालं होतं, असं पत्नीनं, अंबिकाबाईंनी, एकदा विचारलं. पेपर तपासणाऱ्याचा काहीतरी गैरसमज झाला होता, असं पंतांनी सांगितलं.

ऐकणाऱ्यांत गोजरबाई असे. तिचा एकुलता एक मुलगा, कारभारी, पलटणीत गेलेला. खुशालीची पत्रं यायची, पण कुठं आहे ते लिहायची पलटणीत बंदी होती. गोजरबाई रोज मागं बसायची आणि बातम्या संपल्या की विचारायची, "पंत, माज्या कारभाऱ्याचं काई बोलला का त्यो?"

पंत रोज नाही म्हणत. एका संध्याकाळी ती न विचारताच उठली आणि डोळ्याला पदर लावून चालू लागली. पंतांना ते बघवेना. सगळा ओटा आपल्याकडे बघतोय, हेही त्यांच्या लक्षात होतंच.

"थांबा, गोजरबाई," ते म्हणाले. "आज नाव आलंय. ब्रह्मदेशात मोठी चकमक झाली. कारभारीनं जखमी साहेबाला पाठीवर घेऊन नदी पार केली."

गोजरबाईनं दुसऱ्या दिवशी गावभर गूळ वाटला. बघता बघता नदी रुंद झाली, साहेबाचा कर्नल झाला आणि पाण्यात मगरी आल्या. मगरी काही पंतांनी सोडल्या नव्हत्या. पण कुणी विचारलं तर, हो, उल्लेख होता, असं ते सांगू लागले.

दिवाळीच्या सुमारास कारभारी रजेवर आला. कोपरगाव स्टेशनावरून त्याला सजवलेल्या बैलगाडीतून आणलं, पुढं हलगी. हारांच्या ओझ्याखाली बिचारा पार बावरून गेला होता. स्वागताचं भाषण अर्थातच पंतांकडे. ते उभे राहणार तेवढ्यात कारभारीनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"गुर्जी, मी तर जबलपूरला गोदामात हाय. बूट मोजतो. नदीचं ह्ये कुनी सांगितलं?"

समोर गोजरबाई नवं लुगडं नेसून बसली होती.

"रेडिओनं," ते पुटपुटले.

कारभारीनं आईकडे बघितलं. मग गळ्यातले हार सारखे केले.

"रेडिओनं सांगितलं?" तो म्हणाला. "मग आसंल."

पंतांनी भाषण केलं. मगरी गाळायच्या असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पण लोकांनीच आठवण करून दिली.

दुसऱ्या संध्याकाळी ओट्यावर कारभारीला बोलावणं गेलं. आधी तो जपून बोलला, एकेक शब्द चाचपडत. मग त्याला सूर सापडला. पाणी कसं गार होतं, साहेब कसा कण्हत होता, काठावरून गोळ्या कशा येत होत्या. उगाच बॅटरी कशाला जाळायची म्हणून आबासाहेबांनी रेडिओ बंद केला. याचं आपल्याला वाईट वाटेल, अशी पंतांची समजूत होती. पण पोरगा सांगतच असा होता की खुर्चीवरून नीट ऐकू येईना, म्हणून पंत खाली लोकांत येऊन बसले. कारभारी पाणी प्यायला थांबला, तेव्हा हे सगळं आपणच रचलंय हे साफ विसरून त्यांनी विचारलं, "मग साहेब वाचला का रे?"