माझं पहिलं पान

तुमचं नाव कुणी कापून दुसऱ्याच्या अंगावर चिकटवलं, आणि वर सांगितलं की तुम्हाला नाव कधी नव्हतंच, तर तुम्हाला काय वाटेल?

मी ‘धूमकेतूवरची राजकन्या’ बोलतेय. तळहाताएवढी, स्वस्त कागदावरची एक कादंबरी. माझ्यात उडते रथ आहेत, शुक्रावरचे राक्षस आहेत आणि धूमकेतूच्या शेपटीवर धान पिकवणारी एक राजकन्या आहे. शहाणी माणसं अशा पुस्तकांना नाक मुरडतात. मुरडू देत.

नागपूरच्या एका छोट्या छापखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने माझी पानं दोऱ्याने शिवली. पहिल्या पानावर छापलं होतं, ‘पहिली आवृत्ती, १९६१’. त्या ओळीत काय आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पुढची तीस-बत्तीस वर्षं मी अनेक हातांतून फिरले. कुणी मला एसटीत वाचलं, कुणी पाळण्याला झोका देता देता वाचलं. माझ्या पाठीचा कागद गेला. एका पावसाळ्यात वाळवीने कोपरा खाल्ला. शेवटी चामोर्शीच्या आठवडी बाजारात फुटाणेवाल्याच्या ढिगात येऊन पडले. माझ्यावरच्या दोन पुस्तकांच्या पुड्या झाल्या होत्या.

तेवढ्यात एक हात आला आणि माझं पहिलं पान उघडलं.

“भाऊ, याच्या पुड्या नोको करू,” तो माणूस म्हणाला.

ते गुणवंतराव. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात बियाण्याच्या गोदामावर नोकरी. साल १९९४. त्यांना एकच नाद होता, अशा जुन्या अद्‌भुत कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या गोळा करायच्या. मला त्यांनी सदऱ्याच्या आत, पोटाशी धरून घरी नेलं. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळलं आणि कडुनिंबाचा वाळला पाला घालून ट्रंकेत ठेवलं.

“आता तुले कोनाचा हात लागू देनार नाई,” ते मला म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवला.

ड्युटीवरून आले की हातांवरचा धानाचा भुसा साबणाने धुऊन मगच ते मला हात लावत. पहिलं पान उघडत, त्या ओळीवरून बोट फिरवत आणि मला मिटून ठेवत. नऊ वर्षांत दुसरं पान त्यांनी कधी उलटलं नाही. वाचल्याने पुस्तक खराब होतं, असं त्यांचं मत होतं.

मला वाचलं ते त्यांच्या बायकोने, अंजनाबाईंनी. दुपारी तांदूळ निवडून झाले की त्या मला हळूच काढत. राजकन्येच्या शेतात पहिलं पीक आलं तिथे त्या दरवेळी थांबत आणि स्वतःशीच म्हणत, “बाई, धानाची रोवना तरी कशी केली असन वो तिथी!”

गुणवंतरावांचे एक मित्र होते, कुरखेड्याचे लटारूभाऊ. त्यांनाही हाच नाद. वर्षातून एकदोनदा यायचे, आणि आले की दोघांची जुंपायची.

“तुमची राजकन्या म्हातारी झाली, गुणवंतभाऊ. पाठ उघडी, कान कुरतडलेला. माझ्या पेटीत अशी एक नाई.”

“पन पहिली आवृत्ती हाये ना! पाहा हे पान. आहे का तुमच्याजवळ?”

लटारूभाऊ चष्मा पुसून ते पान पाहत आणि मला दोन्ही हातांनी परत देत. असं त्यांनी निदान सात-आठ वेळा पाहिलं असेल.

पण ते ‘म्हातारी’ गुणवंतरावांच्या मनात रुतून बसलं. २००३ मध्ये चंद्रपूरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना माझ्याच नावाची दुसरी प्रत सापडली. चित्र तेच, रंग ताजा, पाठ शाबूत. फक्त पहिलं पान नव्हतं. वाचनालयाचं पुस्तक बाहेर विकताना शिक्क्याचं पान आधी फाडतात, तसं कुणी फाडलं असावं.

त्या रविवारी त्यांनी आम्हा दोघींना शेजारी शेजारी ठेवलं. हातात नवं ब्लेड होतं.

“अवो, काय करून राह्यले?” अंजनाबाईंनी विचारलं.

“दोन अर्ध्या ठेवून काय करू? एक पूरी करतो.”

“हे पूरीच हाये जी. थोडी फाटली म्हून काय झालं? अन् ह्या दोघी आतून सारख्या नाई वाटत मले.”

“तुले काय समजते त्याच्यातलं?”

त्यांनी पट्टी लावली आणि माझं पहिलं पान कापलं. हात साबणाने धुतलेले होते. मग मैद्याच्या खळीने ते पान त्या नव्या प्रतीला चिकटवलं, आणि मला फळीवर जुन्या वर्तमानपत्रांत टाकलं.

पंधरा दिवसांनी लटारूभाऊ आले. गुणवंतरावांनी नवी प्रत मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात दिली. “आता बोला! कोन म्हातारी?”

लटारूभाऊंनी पहिलं पान पाहिलं. मग त्यांनी ते केलं जे गुणवंतरावांनी कधी केलं नव्हतं. पुस्तक मधोमध उघडलं.

“भाऊ,” ते हळू म्हणाले, “इच्यात तारेच्या पिना हायेत. पहिली आवृत्ती दोऱ्यानं शिवली होती. हे दुसरी होय. पान कुठचं लावलं?”

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. लटारूभाऊंची नजर फिरत फिरत फळीवर माझ्यापाशी आली. त्यांनी मला खाली काढलं, मधलं पान उघडून दोरा पाहिला, मग पुढचा कापलेला काठ पाहिला.

“अन् इचं पान?”

मला वाटलं, आता हे सांगतील. ‘चुकलो, मीच कापलं,’ एवढं म्हटलं असतं तरी मला पुरलं असतं.

“तिले पानच नव्हतं,” गुणवंतराव म्हणाले. “मले तशीच भेटली होती.”

चहाचे कप घेऊन अंजनाबाई दारात उभ्या होत्या. लटारूभाऊंनी माझ्या कापलेल्या काठावरून एकदा बोट फिरवलं.

“असन,” ते शेवटी म्हणाले. मला फळीवर ठेवलं आणि चहा न घेता निघाले. पुन्हा ते या घरी आले नाहीत.

ब्लेडचं मला फार दुःख नाही. कागद आहे, कापला जातो. पण ज्या माणसाने मला पुड्यांतून वाचवलं, त्यानेच माझी ओळख नाकारली, आणि तीही जो सगळं जाणत होता त्याच्यासमोर. तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं पुस्तक असेल, तर एवढंच मागते. ते वाचा. आणि कधी कापलंच, तर कापलं म्हणा.

लटारूभाऊ गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतरावांनी त्या दुसऱ्या प्रतीला माझ्या मांजरपाटात गुंडाळलं, ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं आणि ते ड्युटीवर गेले.